खारूताईचं दप्तर

“आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही,” कुलूपवाले आजोबा घसा खाकरून म्हणाले. खरं तर विश्वास बसण्याची आज फार निकड होती. सूनबाईंनी जुन्या कॉम्प्युटरची वायर काढून हाताला गुंडाळली होती आणि भंगारवाला जिना चढत होता.

सगळं घडलं होतं नातीच्या दप्तरावरून. तिचा कॉम्प्युटरवरचा खेळच असा, की पडक्या दीपगृहात शिरायचं, दिसेल ती वस्तू झोळीत टाकायची आणि वाट अडली की एकेक लावून बघायची. पोरगी घरातही तेच करू लागली, म्हणून तिचं नाव खारूताई पडलं. आज दप्तरातून चमचे, शेजाऱ्यांच्या बेलचं बटण आणि आजोबांची कवळी निघाली.

“हाका मारल्या तरी ढिम्म,” सूनबाई म्हणाल्या. “डोळे कायम त्या खेळात. घरातलं काही दिसतं का तिला, बाबा?”

“अगं, ऐक तर. सकाळी आम्ही दोघं दुकानामागच्या खोलीत. वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि किल्ली राहिली बाहेरून भोकात. जन्म गेला माझा कुलपांत, पण मी नुसता दार बडवत बसलो. ही मात्र शांत. आधी खोलीभर नजर फिरवली. मग दप्तरातून कॅलेंडरचं पान काढून दाराखालून सरकवलं, विणायची सुई भोकात घालून ढकलली. किल्ली टप्पकन पानावर! पान ओढलं हळूच आत...”

आजोबांनी हवेतच पान ओढून दाखवलं. थाप रंगली की आधी त्यांचाच तिच्यावर विश्वास बसे. आणि ही काही अगदीच थाप नव्हती. खेळातल्या दीपगृहाचं दार खारूताईने असंच उघडलं, तेव्हा ते तिच्या मागे उभे होते. हातातला चहा निवून गेला तरी हलले नव्हते. एवढासा जीव, ना चिडला ना रडला, एक फसलं की दुसरं लावून बघत राहिला. असला धीर त्यांनी भल्याभल्या कारागिरांत पाहिला नव्हता.

“आमच्या हिने?” सूनबाईंच्या हातावरची वायर सैल झाली.

खारूताई कवळीत अडकलेला दोरा सोडवत होती. तिने मानही वर केली नाही.

“आजोबा, त्या दाराला उंबरा आहे. कोपऱ्यात मुंगी जाईल एवढी फट होती, ती तुम्हीच मेणाने बुजवलीत. मग पान गेलं कुठून?”