जवळ होता त्याला

रविवारच्या प्रार्थनेनंतर पिसाइना बाकावरून उठली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, "देव मी पाहिलाय. त्याचा बनियन फाटका होता."

कुणी हसलं नाही. त्याच आठवड्यात तिचा नवरा रोपाती आणि धाकटा दीर लेमेकी यांची होडी प्रवाळाच्या रांगेपलीकडे उलटली होती. अख्खं गाव वाळूत गुडघे टेकून प्रार्थना करत होतं. फाटक्या बनियनवर पाण्यात होडी घालून गेला तो एकटा सियाकी. बायको वारल्यापासून चर्चकडे न फिरकलेला. त्यानं रोपातीला आणलं. लेमेकी मिळाला नाही.

बाहेर पास्टरांनी तिला थांबवलं. "देवानं त्याला पाठवलं, असं म्हण पोरी. तो शब्द माणसाला लावू नये."

"मग काय म्हणू? नुसतं आभारी आहे म्हणू?"

त्या दिवशी वाळूत प्रार्थना सांगताना पास्टरांचाही आवाज फाटला होता. तिनं ऐकला होता.

दुपारी घरात पिसाइना पानं वाढत असताना सियाकी दारात येऊन उभा राहिला. चेहरा रागानं काळवंडलेला.

"गावभर काय बोलत सुटलीस?"

"खरं तेच बोलले."

"देव म्हणू नकोस मला! देव असतो तर दोघांना आणलं असतं."

आत चटईवर तिची सासू फुआतिनो भिंतीकडे तोंड करून पडली होती. लेमेकी गेल्यापासून ती बोललीच नव्हती. आता ती उठून बसली.

"तुला दिसला होता का रे तो?"

सियाकी खाली बसला. "दिसला, आई. रोपाती जवळ होता. लेमेकी लांब, लाटेवर. माझ्याकडे बघून 'देवा, देवा' म्हणून ओरडत होता. मी जवळ होता त्याला ओढला. वर बघतो तो नुसतं पाणी."

पिसाइनाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. कोपऱ्यात रोपाती तोंड झाकून रडू लागला. आपण मान म्हणून दिलेला शब्द हा माणूस त्या दिवसापासून लेमेकीच्या आवाजात कानात घेऊन फिरतोय, हे तिला आत्ता कळलं, आणि ती शरमून गेली.

फुआतिनो सरकत सरकत सियाकीपाशी आली.

"देवाला मला पुष्कळ विचारायचंय," ती म्हणाली. "ते माझं मी बघेन. तू माणूस आहेस. तुला दोनच हात. तुला मी काय विचारू?" मग सुनेकडे वळून, "बघत काय बसलीस? वाढ त्याला."

पिसाइनानं त्याच्यापुढे अळूचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूचीच पानं ठेवली. म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचं जेवण होईपर्यंत काढला नाही.

संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत म्हातारीनं सगळ्यांची नावं घेतली. रोपातीच्या पाठोपाठ सियाकीचं घेतलं. लेमेकीच्या नावापाशी थांबली, आणि तेही घेतलं.