चौदा मेचे अकरा ट्रे

सुगंधाने नवऱ्याची कामाची पँट उलटी केली, पायांच्या मोहरीत साठलेली धूळ वर्तमानपत्रावर झटकली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्या धुळीवरून सावकाश फिरवलं. पिशवीला काळी भुकटी चिकटली. ती तिने औषधाच्या रिकाम्या डबीत उतरवली आणि झाकण घट्ट लावलं.

शिवदास चहा पिता पिता बघत होता. "काय गो, माजी पँट आता कॉलेजात नेतलंस काय?"

"पँट नाय. पँटीतली धूळ."

"कित्याक?"

"सरांक दाखवूक."

शिवदासने पुढे विचारलं नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याने तीस वर्षं वेल्डिंग केलं होतं. आपल्या पँटीतली धूळ बघायला कोणी सर तयार असतील तर त्याची काही हरकत नव्हती.

सुगंधा अंधेरीच्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत परिचर होती. एकतीस वर्षं. काम काय, तर चिखल धुणे. कुठल्या कुठल्या तळ्यांतून, खाड्यांतून आणलेला गाळ बारीक चाळणीतून धुवायचा, ट्रेमध्ये वाळवायचा, मग मायक्रोस्कोपखाली घेऊन ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्यातले शिंपले, बिया, कोळशाचे कण एकेक उचलायचे. डोळ्यांत तेल घालून करायचं काम. मुलं तिला मावशी म्हणत, त्यांच्या वह्यांत तिच्या हातचे नमुने चिकटलेले असत आणि तिचं आडनाव विभागात दोघातिघांनाच ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी सर्वेश देवस्थळी सरांनी सिंधुदुर्गातल्या आंबेखोल नावाच्या तळ्यातून गाळाची लांब नळी काढून आणली. त्या नळीत एका ठिकाणी चार बोटं रुंदीचा काळा पट्टा होता. पट्ट्याच्या खाली गोगलगायींचे शंख भरपूर. वर मात्र वीतभर काहीच नाही, मेलेल्या किड्याचा पायसुद्धा नाही. त्याच्याही वर पुन्हा शंख सुरू होत, पण खसखशीएवढे. यंदा मेमध्ये काळ्या पट्ट्याचे अकरा ट्रे धुऊन झाले आणि त्यांत बारीक काळे गोळे निघाले. गुळगुळीत, चकचकीत, अगदी गोल.

सर खुर्चीतून उठलेच. बारा हजार वर्षांपूर्वी कोकणावर आभाळातून काहीतरी येऊन फुटलं, वितळलेले थेंब पडले, रानं जळाली, तळ्यातला जीव संपला, असं त्यांनी फळ्यावर आकृती काढून सुगंधालाही समजावलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनासोर ज्यात गेले, त्याच जातीचा पण फार लहान तडाखा. तिला समजावताना त्यांना कधी कंटाळा येत नसे, हा त्यांचा चांगुलपणा. आणि त्याच दिवशी ते म्हणाले होते, "या शोधनिबंधात तुमचं नाव असेल, सुगंधाताई. आभारात नाही. वर, माझ्या आणि उत्तराच्या नावाबरोबर."

सुगंधाने ते फक्त नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने अख्ख्या इस्टेटला सांगितलं.

येत्या शनिवारी कॉलेजात परिसंवाद होता. बाहेरगावचे तज्ज्ञ येणार होते, वर्तमानपत्रवालेही. उत्तरा ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण म्हणजे हे गोळे. तिला कोष्टकात धुण्याच्या तारखा हव्या होत्या, म्हणून मंगळवारी सुगंधा रजिस्टर उघडून तारखा उतरवून देत होती. पट्ट्याच्या अकरा ट्रेंपुढे एकच तारीख होती, चौदा मे. त्या तारखेपाशी तिचं पेन थांबलं.

चौदा मेला प्रयोगशाळेच्या खिडकीला ग्रिल बसवत होते. ओव्हन बिघडलेला, म्हणून ट्रे खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली वाळत ठेवलेले. वेल्डर शिवदास. ऑफिसात त्याचं नाव तिनेच सुचवलं होतं. दुपारी त्याला बाहेर डबा देऊन ती परत आली तेव्हा वर्तमानपत्र जमिनीवर पडलेलं होतं. तिने ते उचललं, पुन्हा झाकलं आणि कोणाला काही बोलली नाही. त्यात बोलण्यासारखं काय होतं? वेल्डिंगच्या ठिणग्या उडून थिजल्या की त्यांचेही बारीक गोळे होतात, हे तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता, कारण तिला ते नाव हवं होतं. खरंच हवं होतं. गप्प बसलं तर शनिवारी ते पडद्यावर दिसणार होतं. शिवदास इस्त्रीचा शर्ट घालून ते बघायला येणार होता.

गुरुवारी ती डबी घेऊन प्रयोगशाळेत गेली. काचेच्या दोन बशा मायक्रोस्कोपखाली ठेवल्या, एकीवर 'क', दुसरीवर 'ख', आणि सरांना बोलावलं. मागोमाग उत्तराही आली.

"यातले आभाळातले कुठले, सर?"

सर हसत मायक्रोस्कोपशी बसले. मग हसू थांबलं. त्यांनी एक बशी पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी 'ख'वर बोट ठेवलं.

सुगंधाने बशी उचलून खालची चिठ्ठी दाखवली. तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : शिवदास, कामाची पँट.

मग तिने सगळं सांगितलं. ग्रिल, ओव्हन, डबा, वर्तमानपत्र. एकही गोष्ट गाळली नाही. सर खिडकीच्या ग्रिलकडे बघत राहिले. मग ते म्हणाले की काही गोळे खरेही असू शकतील, आभाळातल्या दगडांत असतं ते निकेल त्यांत किती, हे तपासायच्या यंत्रावर आपला नंबर दिवाळीनंतर आहे, तोवर कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. शनिवार पार पडू दे, मग शांतपणे बघू. तोवर हे आपल्या तिघांत राहू दे.

"मी हे सगळं रजिस्टरात लिहिलंय, सर."

"ते पान बदलता येईल. रजिस्टर आपलंच आहे."

"पानांना नंबर आहेत. मीच घातलेत, एकतीस वर्षं. एकही पान फाटलेलं नाही."

"सुगंधाताई, यातून सगळ्यात आधी तुमचंच नाव जाईल."

"जाऊ दे."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

उत्तराला मात्र कळत होतं. "मावशी, पाच महिने काय करत होतात? आत्ताच आठवायचं होतं?"

"चूक माझी आहे, उत्तरा. तू बोल, मी ऐकून घेते. पण माझी चूक पाच महिन्यांची आहे गं. ती बारा हजार वर्षांपूर्वीच्या आभाळावर कशी ढकलू?"

सुगंधाने फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात ओळीने अकरा पिशव्या होत्या, गाठी मारलेल्या, नंबर घातलेल्या. कुठलाही गाळ धुण्याआधी ती त्याचे दोन भाग करी आणि एक राखून ठेवी, घरी दही लावताना विरजण राखतात तसं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. फ्रिजमध्ये जागा उरत नाही म्हणून सर दरवर्षी कुरकुर करत.

"हे चौदा मेला उघडलेलं नाही," ती म्हणाली. "उद्या धुते. तुम्ही दोघं समोर उभे राहा."

संध्याकाळी घरी तिने शिवदासला सांगितलं.

"म्हंजे माज्यामुळे तुजा नाव गेला."

"तुमच्यामुळे नाय. पेपर उडालो होतो तां मी कोणाक सांगूक नाय, म्हणून."

"इस्टेटीत इचारतले."

"सांगा, 'माजे गोळे बघून सर फसले.'"

शिवदासला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही. इस्त्री करून आणलेला शर्ट त्याने कपाटात ठेवून दिला.

शुक्रवारी खिडक्या बंद, पंखा बंद. ऑक्टोबरचा उकाडा. सुगंधा धूत होती, उत्तरा न बोलता पाणी ओतत होती. दोघींच्या पाठी घामाने भिजल्या. ओव्हन आता दुरुस्त झालेला होता. तीन वाजता पहिला ट्रे वाळून बाहेर आला. सुगंधा चुंबकाकडे हात करणार, तोच दारात उभे असलेले सर पुढे आले आणि त्यांनी ते स्वतः उचललं. अकरा ट्रे झाले. चुंबकाच्या पिशवीला थोडी काळी रेती चिकटली, खडबडीत, कोनाकोनाची. गोल एकही नव्हतं.

सरांनी चुंबक टेबलावर ठेवलं. ते त्यांच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आतून फोनवरचा आवाज येत राहिला. नाही, पुढे ढकललेला नाही, रद्द. हो, चूक आमच्याकडूनच. रजिस्टरात नोंद आहे.

उत्तरा डोळे पुसत होती. "मग तळं मेलं कशाने, मावशी? काळा पट्टा तर आहेच ना."

"आहे. आणि वर वीतभर शंख नाहीत, हेही आहे. ते काय शिवदासने वेल्डिंग करून घालवले नाहीत." सुगंधाने स्टूल मायक्रोस्कोपजवळ ओढलं. "कशाने ते तू शोध. पण आधी हा बघ."

तो शंख तिला जूनमध्येच सापडला होता. रिकाम्या वितीच्या लगेच वर, एकटा, कुंचल्याच्या टोकावर जेमतेम दिसेल एवढा. गोळ्यांच्या गडबडीत त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सगळं संपल्यावर त्या तळ्यात जी पहिली परत आली, ती ही गोगलगाय. उत्तरा डोळा लावून बघत राहिली. थोड्या वेळाने तिने आपली वही ओढली आणि त्याची खोली लिहून घेतली.

विभागाची रीत अशी की स्लाइडच्या लेबलावर तळ्याचं नाव, खोली आणि उचलणाऱ्याची आद्याक्षरं लिहायची. उचलणारी कायम सुगंधा, आद्याक्षरं कायम सरांची, 'स. दे.', किंवा त्यांच्या आधी जे सर होते त्यांची. कपाटात अशा हजारो स्लाइड होत्या.

सुगंधाने शंख स्लाइडवर ठेवला, कडेने डिंक लावला आणि बारीक टोकाचं पेन घेतलं. तळ्याचं नाव, खोली लिहून झाली. मग तिने लिहायला घेतलं : सुगंधा शिवदास.

"मावशी, लेबल छोटं आहे. पूर्ण नाव मावणार नाही."

"बसवते," सुगंधा म्हणाली, आणि उरलेल्या जागेत अक्षरं आणखी बारीक करून तिने तोरसकर लिहिलं.