पोलादपूरकर आणि राजाचा कारखाना

२००८ साली सिडनीत, हॅरिस पार्कच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही सात मुली राहत होतो. माझी गादी हॉलमध्ये, फ्रिजला चिकटून. कुणाला दही हवं असलं की आधी मी उठायचं. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि आणखी एक विषय राहिला असता तर व्हिसाचं काही खरं नव्हतं. त्यामुळे ग्रॅनव्हिलला एका आजींकडे खोली आहे, अशी चिठ्ठी युनिव्हर्सिटीच्या बोर्डावर दिसताच मी ती उचकटून खिशातच घातली. दुसऱ्या कुणी वाचायला नको. हो, वागले मी तशी.

"आजी खडूस आहे म्हणे, दोघींना ऑलरेडी परत पाठवलंय," माझी फ्लॅटमेट मयूरा म्हणाली. "चारू, प्लीज, चौकशा करू नकोस. नो वरीज म्हण आणि चावी घे."

मयूरा मला ओळखून होती. माणूस भेटला की त्याचं मूळ गाव विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या घरात सगळ्यांचीच ही खोड. बाबा तर रिक्षावाल्याचाही तालुका काढतात.

मिसेस हेडविग कालुझा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. खोली बघून मी हरखलेच. खिडकी, टेबल आणि दार. बंद होणारं दार! चहा घेताना मी जीभ आवरायचा खूप प्रयत्न केला.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"जर्मनी."

इथे थांबायचं होतं. पण भिंतीवर त्यांचं ऑस्ट्रेलियन नागरिकत्वाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, आणि मी उठून ते वाचलं. जन्मस्थळ खोझूफ, पोलंड.

"पण इथे तर पोलंड लिहिलंय! म्हणजे तुम्ही पोलिश!" चोर पकडल्यासारखं मी म्हणाले.

आजींनी कप खाली ठेवला.

"मी कोनिग्सह्युटेची," त्या म्हणाल्या. "राजाचा लोखंडाचा कारखाना, असा त्याचा अर्थ. कारखाना खराच होता, माझे वडील त्यातच काम करायचे. मी जन्मले तेव्हा गाव जर्मनीत होतं. वर्षभरात पोलंडमध्ये गेलं, मग पुन्हा जर्मनीत, मग पुन्हा पोलंडमध्ये. आम्ही घरसुद्धा बदललं नव्हतं. इथे आले तेव्हा ऑफिसातला माणूस म्हणाला, या नावाचं गाव आता नाही, आणि त्याने हे लिहिलं. फ्रेम माझ्या नवऱ्याने लावली, म्हणून काढत नाही. पन्नास वर्षं लोक मला ती वाचून दाखवतात. खोली द्यायची नाही मला. जाताना वहीत नाव लिही."

दाराजवळ एक वही होती, येणाऱ्या प्रत्येकाने नाव लिहायची. स्वतःला शिव्या घालत मी लिहिलं, चारुता पोलादपूरकर. गेलं दार, आला फ्रिज.

"केवढं लांब आडनाव," आजी वाकून म्हणाल्या. "याला काही अर्थ आहे?"

"पोलादपूर हे गाव. 'कर' म्हणजे तिथला राहणारा. आमच्याकडे पुष्कळांची आडनावं अशी गावावरून असतात. पोलाद म्हणजे स्टील."

"तिथेही कारखाना होता?"

"माहीत नाही."

"माहीत नाही? तू तिथली ना?"

"मी ठाण्याची. गाव पणजोबांनीच सोडलं. चिपळूणला मामाकडे जाताना एसटी तिथे थांबते, पण मी कधी खाली उतरले नाहीये."

"आणि तरी ऑफिसात हे लिहून घेतात?"

"पासपोर्टवरच आहे."

आजी त्या नावाकडे बघत राहिल्या. डोळे भरले होते त्यांचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न पाहिलेलं गाव मी फुकटात मिरवत होते, आणि यांना स्वतःचं गाव कुणी लिहू दिलं नव्हतं.

"माझं लिही," त्या म्हणाल्या. "तुमच्या पद्धतीने."

मी लिहिलं, हेडविग कोनिग्सह्युटेकर. त्यांनी ते तीनदा मोठ्याने वाचलं. तिसऱ्यांदा त्यांना हसू आलं. मग त्यांनी खोलीची चावी वहीवर ठेवली.

"एक अट आहे. पुढच्या वेळी बस थांबली की उतर."

त्या दाराआड अभ्यास करून मी सगळ्या विषयांत पास झाले. डिसेंबरात घरी गेले आणि चिपळूणच्या वाटेवर पोलादपूरला उतरले. कंडक्टर ओरडला, तिकीट पुढचं आहे म्हणून. मी स्टँडवरच्या पाटीचा फोटो काढला, दोन वडे खाल्ले, आणि कारण नसताना रडले. छान वाटलं.

परत आल्यावर आजींनी सर्टिफिकेट स्वतःच्या हाताने उतरवलं आणि फ्रेममध्ये तो फोटो घातला. त्यानंतर पाहुणे त्याच्याकडे बघून विचारायचे, हे कुठलं?

"आमच्या चारुताचं गाव," आजी सांगायच्या.

मग कुणीतरी विचारायचंच, "आणि तुमचं?"

आजी चहा ओतायच्या, आणि सांगायच्या.