सरूच्या पांढऱ्या सोंगट्या

सरुबाईंनी पट दोन्ही हातांनी धरून अर्धा फिरवला. सोंगट्या डगमगल्या, एक घोडा आडवा झाला, तो त्यांनी उभा केला. आता पांढऱ्या त्यांच्या बाजूला होत्या.

पलीकडे बसलेल्या भानुदासआबांचा हात पहिलं प्यादं उचलायला निघालेला, तो मधेच राहिला. समोर काळं प्यादं होतं.

"हे काय गं सरू?"

"आज पांढऱ्या माझ्या, दादा."

आबांनी बहिणीकडे जरा वेळ पाहिलं.

"घे की. मागितल्या असत्यास तर कवाच दिल्या असत्या."

सरुबाई लहानपणापासून काळ्याच घेत आल्या होत्या. साठ वर्षं होऊन गेली होती. मागायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

त्या नऊ वर्षांच्या असताना आबा इंदापूरच्या बोर्डिंगातून पाय मोडून घरी आले होते. दीड महिना खाटेवर. खेळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गोवऱ्या थापणाऱ्या बहिणीला हाका मारून बोलावलं, तिला हात धुवायला लावले आणि घोडा अडीच घरं कसा जातो ते शिकवलं. पांढऱ्या थोरल्याच्या, हे त्याच दिवशी ठरलं. पुढं पाय बरा झाला, लग्नं झाली, पण सरुबाई पंचमीला निमगावला माहेरी आल्या की पट निघायचाच. एक पांढरा हत्ती कधीच हरवला होता. त्याच्या जागी आईच्या शिवणातलं रिकामं रीळ उभं असायचं. सरुबाई बहुतेक वेळा हरायच्या, एखाददुसरा डाव बरोबरीत सुटायचा. जिंकलेला एकही डाव त्यांना आठवत नव्हता, आणि त्यांना तर कुठल्या साली कुठल्या गाईला कालवड झाली तेसुद्धा आठवायचं.

यंदा पंचमीच्या महिनाभर आधी आबांच्या मुलाच्या, रविंद्रच्या बायकोचा, तेजश्रीचा, फोन आला होता.

"आत्या, येताना आधार कार्ड तेवढं आणा हां."

पुढं काही विचारायची गरज नव्हती. वडील गेले त्या साली सरुबाईंनी इंदापुरात, बोट दाखवलं तिथं सही करून जमिनीवरचा हक्क सोडला होता. कचेरीतून बाहेर पडल्यावर आबांनी त्यांना इरकल लुगडं घेतलं, भेळ खाऊ घातली. त्या कागदात कालव्याकडेचा एक तुकडा मात्र राहून गेला. त्याच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचं नाव होतं.

द्यायचं नाही, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. द्यायचं, असंही नाही. पण फोन आल्यावर दोनच दिवसांत त्या जळोचीला आपल्या घरामागच्या गल्लीत, वृषालीमॅडमच्या बुद्धिबळाच्या क्लासात जाऊन बसल्या. भोवती सगळी सात-आठ वर्षांची पोरं.

"मला असं कायतरी शिकवा," त्या म्हणाल्या, "की समोरच्याला बसल्या जागी घाम फुटला पायजे. अन् पांढऱ्यांकडनं."

पोरं हसली. वृषालीमॅडम हसल्या नाहीत. त्यांनी किंग्ज गॅम्बिट नावाची सुरुवात मांडून दाखवली. राजापुढचं प्यादं दोन घरं. काळ्याचंही तसंच, समोर येऊन ठाकलेलं. मग शेजारचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं ढकलायचं, थेट त्याच्या तोंडी.

"हे तर फुकट गेलं की वो!"

"जाऊ द्यायचं, आजी. तो खाणार. खाल्लं की त्याचं मधलं प्यादं बाजूला सरलं. मग तुमचा घोडा, उंट, हत्ती, सगळे त्याच्या राजावर. जुनं हत्यार आहे हे. आता फारसं कुणी काढत नाही."

"मग मी तरी कुठं नवी हाय?"

पण कितीतरी दिवस त्यांच्याच्यानं ते प्यादं सोडवेना. ढकलायच्या, आणि बोट उचलायच्या आत मागं ओढायच्या. तिसऱ्या आठवड्यात कुठं बोट उचललं. खाल्ल्यानंतरच्या दहा चाली त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उतरवल्या आणि भाकऱ्या थापताना पाठ केल्या.

"खेळ की," आबा म्हणाले. "का नुसत्या बघायला घेतल्यास पांढऱ्या?"

आत पुरणाची दिंडं उकडत होती. लक्ष्मीवैनी चहा घेऊन पडवीत आल्या, पटाकडे बघून थबकल्या.

"अगं बया! वन्सं, पंचमीचं आमी साधी मिरची चिरत न्हाय, अन् तुमी दोघं बसलाय कापाकापी करत!"

"चिरू नये म्हनत्यात वैनी. मारू नये, असं कुठं म्हनत्यात?"

सरुबाईंनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. आबांनी समोर आपलं आणलं. मग सरुबाईंनी उंटापुढचं प्यादं धरलं, दोन घरं ढकललं आणि बोट उचललं.

आबा पटावर वाकले. ते वाकणं सरुबाईंच्या ओळखीचं होतं. हाताला काही लागणार असलं की ते असेच वाकायचे. खा, त्या मनात म्हणाल्या. दहाच्या दहा चाली ओठांवर होत्या.

आबांचा हात प्याद्यापर्यंत आला. आतल्या खोलीत रविंद्रने कपाट उघडलं, कागद चाळल्याचा आवाज झाला. आबांनी एकवार तिकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"न्हाय सरू. तुझं घेतलं एकदा. आता नगं."

आणि त्यांनी आपला उंट तिरका बाहेर काढला.

सरुबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत नेला आणि कपाळ पुसलं. खाल्लं नाही तर काय करायचं, हे त्यांनी लिहूनच घेतलं नव्हतं. समोर आबांचं मधलं प्यादं उघडं उभं होतं, त्याला कुणाचाच जोर नव्हता. सरुबाईंनी आपलं प्यादं तिरकं नेलं की ते त्यांचंच. दादा देतोय, त्यांना वाटलं. या वयात का होईना, देतोय. त्यांचा हात पुढं गेला.

तो टेकायच्या आत थांबला. साठ वर्षं काळ्या घेऊन एक खोड लागली होती. कशालाही हात घालण्याआधी समोरचा वजीर कुठं बघतोय ते बघायचं. काळा वजीर आपल्या घरातून तिरका, थेट पटाच्या कडेपर्यंत बघत होता. हे प्यादं घेतलं की तो कडेला येऊन शह देणार. राजा हलवला तर पुढच्याच चालीला मात. मधे प्यादं घातलं तर हत्ती जाणार.

त्यांनी मान वर करून भावाकडे पाहिलं. आबा बशीतला चहा फुंकत होते. त्या चेहऱ्यावरून काही कळेना.

रविंद्र हातात फाईल आणि पेन घेऊन बाहेर आला.

"आत्या, जेवायच्या आधी तेवढं उरकू. आज हितं सह्या करा, उद्या इंदापूरला जाऊन येऊ. कुठं करायच्या तितं खुणा केल्यात."

सरुबाईंनी उजवीकडचा घोडा उचलला आणि पुढं आणून ठेवला. कडेचं ते घर आता घोड्याच्या माऱ्यात आलं.

"ठिव तितं," त्या म्हणाल्या. "डाव झाला की वाचते."

"वाचण्यासारखं काय न्हाय त्यात, आत्या. मागल्यासारखंच हाय."

"म्हनून तर वाचते."

रविंद्रने वडिलांकडे पाहिलं. आबा पटाकडे बघत होते. आधी घोड्याकडे, मग कडेच्या त्या रिकाम्या घराकडे, बराच वेळ. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"वाचू दे तिला," ते म्हणाले. "अन् आतनं माझा चष्मा आण."