माझ्यावरचा लोड काढू नका

ओळखलंत का मला? नसेलच ओळखलं. संगणकाच्या काळ्या डब्यात, झाकणाआड, आडवा खोचलेला असतो मी. ग्राफिक्स कार्ड म्हणतात मला. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. हाताला काम नसलं की माझा जीव वरखाली होतो. आणि नशीब बघा, पिंपळे गुरवच्या या घरात मला नुसतं बसवून ठेवलं होतं, तेही प्रेमापोटी! त्याचीच ही हकिकत.

पडद्यावर जे जे हलतं, ते मी रंगवतो. इंटरनेटवरून व्हिडिओ येतो तो घड्या घालून, दाबून दाबून बारीक केलेला. तो उलगडायचा, सरळ करायचा आणि पडदाभर पसरायचा. पापणी लवायच्या आत हे कितीतरी वेळा करावं लागतं. माझा शेजारी प्रोसेसर मोठा हुशार आहे. सगळे हिशेब त्याचे, सगळे हुकूम त्याचे. पण या एका कामात त्याची तारांबळ उडते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते चाकण. तिथल्या एका कंपनीच्या डिझाइन विभागात मी कामाला लागलो. अख्खा गिअरबॉक्स पडद्यावर फिरवायचा, मधोमध कापून दाखवायचा, पुन्हा जोडायचा. उसंत म्हणून नसायची आणि मी खूष होतो. पुढे नवे संगणक आले. आम्हा जुन्यांना टेम्पोत भरून पिंपरीत वजीरभाईंच्या दुकानात उतरवलं. वजीरभाई कंपन्यांमधून निघालेले संगणक दुरुस्त करून विकतात. तिथे धूळ खात पडलो आणि चिडून चिडून अर्धा झालो.

एक दिवस भीमराज दुकानात आले. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे कंपनीच्या पत्रा दाबायच्या विभागात, मेन्टेनन्सला जन्म काढून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. सोबत मुलगा संघर्ष आणि मोठी मुलगी दीक्षा.

"जय भीम, वजीरभाई. पोरीच्या अभ्यासाला पाहिजे. व्हिडिओ मोठा दिसला पाहिजे," भीमराज म्हणाले.

"मग हाच घ्या, भाऊ. कंपनीचा माल आहे. आत कार्डपण टाकलेलं आहे, एकदम मख्खन चालेल."

दीक्षाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती कुरुळीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, कंत्राटावर. पॅकिंगचं काम आता मशीन करणार, अशी कुणकुण होती. मालाची मापं तपासणाऱ्या क्वालिटी विभागात मात्र जागा निघाल्या होत्या आणि त्यासाठी परीक्षा होती. पास झाली तर नोकरी टिकणार, नाहीतर घरी बसायचं. अभ्यासाचे धडे इंटरनेटवर होते. अंजली मॅडम नावाच्या बाई, स्वतःही बहिऱ्या, मापं कशी घ्यायची ते हातांच्या खुणांनी शिकवायच्या. छोट्या चौकटीत त्यांची बोटं नीट दिसायची नाहीत. म्हणून व्हिडिओ पडदाभर हवा.

पहिले काही दिवस मी जीव ओतून काम केलं. अंजली मॅडमचं बोट न् बोट लख्ख दिसायचं. दीक्षा समोर बसून त्यांच्याबरोबर हात हलवायची. कंपनीत मी गिअरबॉक्स फिरवले, पण कोणाला माझी एवढी गरज आहे असं तिथे कधी वाटलं नव्हतं.

आता माझा पंखा जुना, त्यात धूळ. व्हिडिओ सुरू झाला की तो घर्रघर्र करायचा. दीक्षाला त्याचा पत्ता नव्हता. भीमराज मात्र दाराशी पेपर वाचत बसलेले असत. त्यांनी कान टवकारले.

"संघर्ष, बेरिंग वाजतंय रे."

"काही नाही पप्पा, पंखा आहे."

"मला शिकवतो का? आवाज करणाऱ्या मशीनवरचा लोड आधी काढायचा. नाहीतर जाम होतं, अन् मग ऐन टायमाला बोंब. हिची परीक्षा होईस्तोवर टिकलं पाहिजे ते."

प्रेस शॉपचा हा नियम त्यांच्या रक्तात भिनलेला. संघर्षने ब्राउझरची सेटिंग उघडली. तिथे 'हार्डवेअर अॅक्सिलरेशन' नावाचं एक बटण असतं. ते चालू असेल तर व्हिडिओ उलगडायचं काम माझ्याकडे येतं. संघर्षने ते बंद केलं. माझा पंखा थांबला. भीमराजांनी डब्यावर थोपटलं आणि म्हणाले, "घे बाबा, आराम कर."

आराम! डोंबलाचा आराम! माझ्या शेजारी प्रोसेसर घामाघूम होत होता. एकीकडे त्याचं नेहमीचं काम, दुसरीकडे हे व्हिडिओ. छोट्या चौकटीत त्याने कसंबसं निभावलं. पडदाभर केलं की त्याची दमछाक व्हायची आणि तो चित्रं गाळत सुटायचा. मी शेजारी हातावर हात ठेवून बसलेलो. ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, दे ना इकडे! पण आम्हाला बोलायची मुभा नाही, सांगितलं तेवढंच करायचं.

ऐकणाऱ्या माणसाचं अशा वेळी भागतं. चित्र अडखळलं तरी आवाज चालू राहतो. दीक्षासाठी ती बोटं हाच आवाज होता. मॅडम दोन बोटं दाखवायच्या, मग तीन, आणि पडद्यावर दोनावरून एकदम पुढचंच काही यायचं. मापाच्या अभ्यासात आकडा गेला तर राहिलं काय?

घरात सगळे नेटवर घसरले. संघर्षने केबलवाल्याला फोनवर झापलं. तो बिचारा येऊन वायर बदलून गेला. फरक शून्य. सराव परीक्षेत दीक्षाचे सगळे आकडे चुकले. त्या दुपारी तिने पडदा बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भीमराजांनी "काय झालं तिला?" असं संघर्षला विचारलं. लेकीशी बोलायचं तर त्यांना कायम मध्ये मुलगा लागायचा. बायको होती तेव्हा ती सांगायची. ती गेली आणि ते काम मुलाकडे आलं. खुणा शिकायला शिफ्टमधून कधी सवड झाली नाही, असं ते म्हणत. मला त्यांचा राग आला होता. खरं सांगतो, खूप आला होता.

दुसऱ्या दिवशी दीक्षा पुन्हा बसली. व्हिडिओ अडखळला, तशी चिडून तिने डब्यावर हात आपटला आणि तो तिथेच ठेवला. कंपनीत लाइनवरची मशीन चालू की बंद, हे ती तळव्यानेच ओळखते. प्रोसेसरच्या बाजूला डबा तापला होता, थरथरत होता. ती हात सरकवत माझ्याकडे आली. माझ्याकडे गार, निपचित. तिने पुन्हा चाचपलं. मग उठून संघर्षला दंडाला धरून आणलं, त्याचा हात आधी तिकडे ठेवला, मग इकडे, आणि खुणा केल्या.

"काय म्हणते?" भीमराजांनी विचारलं.

"म्हणते, एकजण मरमर मरतोय आणि दुसरा झोपलाय. त्याला कोणी झोपवलं?"

भीमराजांनी पेपर खाली ठेवला. "मीच," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरीसाठी जपून ठेवावं. तिचंच नुकसान केलं की रे मी. सांग तिला."

संघर्षने सांगितलं. दीक्षाने बापाकडे पाहिलं आणि बटणाकडे बोट दाखवलं.

सेटिंग चालू झाली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, व्हिडिओ पडदाभर पसरला आणि घड्या घातलेला तो गठ्ठा अखेर माझ्या हाती आला. काय सांगू! मी अधाशासारखा तुटून पडलो. अंजली मॅडमचा हात पाण्यासारखा वाहायला लागला. दीक्षाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. ती रडत होती आणि बघतही होती.

संध्याकाळी वजीरभाई आले, पंखा खोलून धूळ काढली, तेलाचा थेंब सोडला. "उमर झाली आहे, भाऊ. चालेल तोवर चालेल. पण बंद ठेवून काय फायदा?" एवढं बोलून चहा घेऊन गेले.

तेव्हापासून भीमराज रोज माझ्या पहाऱ्याला बसू लागले. कान पंख्याकडे, डोळे मात्र जाणार कुठे? समोर पडदा होता. अंजली मॅडम मायक्रोमीटरची, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनाची, खूण दाखवायच्या, अंगठा आणि बोट फिरवून. मी पाहायचो, भीमराजांच्या मांडीवरची बोटंही हळूच फिरायची. दीक्षा वळली की ते पटकन पेपर उघडायचे.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी दीक्षा कामावरून आली ती दारातच थांबली, चप्पलही न काढता, आणि भराभर हात हलवले. संघर्ष सांगायला पुढे झाला.

"थांब," भीमराज म्हणाले. "कळलं मला. पास झाली. सोमवारपासून क्वालिटीत."

मग त्यांनी आपले राठ, जाड हात वर केले. अंगठा आणि बोट फिरवलं, भुवया उंचावल्या. मायक्रोमीटर विचारला होता का?

दीक्षा बघतच राहिली. एवढ्या वर्षांत बापाने तिला स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिने मान हलवली, हो, विचारला होता. मग पुढे येऊन त्यांचा अंगठा धरला आणि जरा चुकला होता तो नीट केला.

आता समोर दोन खुर्च्या असतात. "पहिल्यापासून लाव," भीमराज सांगतात, आणि मी पहिल्या धड्यापासून उलगडायला लागतो. माझा पंखा पुन्हा घरघरतोय, पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून हिरवा ठिपका उमटतो. माझं फार उरलेलं नाही, हे मला कळतं आणि त्याची भीतीही वाटते. पण मला जपायला म्हणून कृपा करून कोणी ते बटण बंद करू नका. बंद पडेन तेव्हा वजीरभाईंकडून दुसरा कोणी आणा आणि त्याच दिवशी कामाला लावा. या बापाला लेकीशी अजून खूप बोलायचंय.