अनिमिष

त्या पत्राला मी अजून उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होतं, आणि नेमकं तेव्हाच गादीवाला मला विचारत होता, "बोला काका, तुमचा कौल कुणाला?"

त्याच्या गाद्यांच्या दुकानात आम्ही मुष्टियुद्धाचे चार शौकीन जमतो, कारण तिथला टीव्ही मोठा आहे आणि बसायला गाद्या आहेत. नव्या गाद्यांवरचं प्लास्टिक फाटू नये म्हणून तो सगळ्यांना चपला काढायला लावतो. कुणी उत्साहात उडी मारली तर मॅच सोडून त्याच्यावरच ओरडतो.

"काकांना काय विचारतोस?" कंडक्टर म्हणाला. तो बसमध्ये असो वा दुकानात, शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच बोलतो. "पोराला नाव त्यांनीच दिलंय. ते काय चॅम्पियनच्या बाजूनं बोलणार?"

नाव मी दिलं होतं हे खरं. मी निवृत्त ग्रंथपाल. मला आयुष्यात कुणी चापट मारलेली नाही आणि मीही कुणाला मारलेली नाही. पण एका क्रीडा साप्ताहिकात मी अधूनमधून मुष्टियुद्धावर लिहितो. कोण चढतोय, कोण उतरतोय, कुणाची कुणाशी गाठ पडावी, असं काहीबाही. ते छापून येतं याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. गेल्या वर्षी एका नव्या मुलाबद्दल लिहिताना मी त्याला 'अनिमिष' म्हटलं. पापणी न लवणारा. समोरच्याच्या उजव्या हाताचा ठोसा थेट त्याच्या चेहऱ्यावर येत असताना त्याचे डोळे टक्क उघडे होते, आणि मार खाऊन तो शांतपणे उलटा ठोसा देत होता. पोथ्यांमध्ये देवांच्या पापण्या लवत नाहीत, असंही मी लिहिलं होतं. शब्द लोकांना आवडला. पोस्टरवर आला. पुढे त्याचं खरं नाव कुणी घेईनासं झालं.

आता त्याची गाठ थेट चॅम्पियनशी पडणार होती. चॅम्पियन पूर्वी सुतार होता. त्याचा उजवा हात बाहेरून वळून येतो, आणि त्या हातानं त्यानं तिघांना कायमचं घरी बसवलंय.

"सुतार आता थकलाय," गादीवाला म्हणाला. "आठव्या राउंडनंतर तोंडानं श्वास घेतो."

"आठव्या राउंडपर्यंत तुझं पोर उभं तर राहू दे!"

"अरे, तो घाबरतच नाही. घाबरला तर पडेल ना!"

"न घाबरणारे सगळ्यात आधी पडतात. मी बसमध्ये रोज बघतो. दारात लटकणारे."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. पत्र छातीला टोचत होतं.

पत्र अनिमिषच्या बायकोचं होतं. साप्ताहिकाच्या कचेरीनं ते माझ्याकडे पाठवलं होतं. ती पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात काम करते, आणि उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, घरचा फोन हेच उचलतात, असं तिनं सुरुवातीलाच लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं:

"काका, हे डाव्या खांद्यानं दाराच्या चौकटीला आपटतात. मुलगी डावीकडून येऊन बिलगली की दचकतात. तपासणीला डोळ्यांचा तक्ता असतो, तो यांनी पाठ केलाय. मी विचारलं तर म्हणतात, अगं, मला लोक अनिमिष म्हणतात. तुमच्या लेखाचं कात्रण पाकिटात असतं. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही यांच्या सगळ्या मॅची बघितल्यात. तुम्हाला काही दिसलंय का? दिसलं नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी गप्प बसेन."

ते शेवटचं वाक्य वाचल्यापासून मला नीट झोप नव्हती. मला दिसलं नव्हतं. पण मी त्या नजरेनं बघितलंच कुठे होतं?

"त्याची मागची मॅच लावतोस?" मी गादीवाल्याला म्हटलं. "आवाज बंद करून. आणि जरा हळू."

"आता काका अभ्यास करणार," कंडक्टर म्हणाला. "पेपर कधी आहे काका?"

गादीवाल्यानं मॅच लावली. आवाज गेल्यावर मॅच निराळीच दिसते. आरडाओरडा नसतो, शौर्य सांगणारा निवेदक नसतो. दोन दमलेली माणसं फक्त एकमेकांना मारत असतात. समोरच्याचा डावा हात निघाला की अनिमिष मान काढून घेत होता, आणि त्याची पापणी लवत होती. अगदी नीट लवत होती, तुमचीआमची लवते तशी. मग समोरच्याचा उजवा हात आला, म्हणजे अनिमिषच्या डावीकडून. पापणी हलली नाही. ठोसा गालावर बसल्यानंतर हलली.

मी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

"आता त्याची जुनी एखादी लाव," मी म्हटलं. "अगदी सुरुवातीची."

जुन्या मॅचमध्ये तो कोवळा होता, कान मोठे दिसत होते. तिथे दोन्ही बाजूंनी येणाऱ्या ठोशांना त्याची पापणी लवत होती, आणि दोन्ही ठोसे तो चुकवत होता.

"बघा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "बघा, पूर्वी लवत होती."

"मग सुधारला की!" कंडक्टर म्हणाला.

"सुधारला नाही. त्याला डावीकडचं दिसत नाहीये. तो उजवा हात त्याला दिसतच नाही. आपण ज्याला धैर्य म्हणतोय ना…"

मग कंडक्टर खदखदून हसला. "परवा बसमध्ये काका माझ्यासमोर उभे, मी तिकीट देतोय, तरी ओळखलं नाही मला! आणि म्हणे, पापणी दिसली!"

तेही खरं होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. मी लगेच म्हणालो, "हो, माझी चूकही असेल."

गादीवाला मात्र हसला नव्हता. त्यानं टीव्ही बंद केला आणि कंडक्टर आणि बाकीचे चपला घालून बाहेर पडेपर्यंत थांबला. मग माझ्याजवळ येऊन बसला.

"काका, एक सांगू? हे इथंच ठेवा. अशी फाइट पोराला आयुष्यात एकदाच मिळते. त्याच्या गल्लीतली पोरं कशी आहेत ठाऊक आहे ना? तुमच्या एका वाक्यानं फाइट गेली, तर ती तुमच्या दारात येतील. मी मधे पडणार नाही. मला इथं धंदा करायचाय."

तो हे वाईटपणानं बोलला नाही. उठताना त्यानं मला हात दिला, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

घरी आलो तेव्हा अक्का खिडकीशी विणत बसली होती. अक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच राहतो. मुष्टियुद्धाला ती 'तुमची मारामारी' म्हणते, आणि माझे लेख छापून आले की त्यातल्या फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढते.

मी स्वयंपाकघरात गेलो, रुमालानं डावा डोळा बांधला आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून बघितलं. अर्धं ओट्यावर गेलं. वळलो तर खांदा कपाटाला लागला.

"काय पाडलंस?" अक्का खिडकीशी बसूनच ओरडली. मग उठून आली. "हे काय सोंग? डोळा आलाय का?"

मी तिला सगळं सांगितलं. पत्र दिलं. तिनं चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"कधी आलं हे?"

"झाला एक आठवडा. जास्तच."

"आणि तू खिशात घालून फिरतोयस? आणि मारामारी कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

मीच बोलत सुटलो. "अक्का, मी डॉक्टर नाही. माझं चुकलं तर त्या पोराची सगळी मेहनत माझ्यामुळे वाया जाईल. लोक घरावर येतील. आणि समज, माझं उत्तर त्याच्याच हाती लागलं, त्यानं ते फाडलं आणि तरी उतरला, तर? तेच डोक्यात ठेवून तो रिंगणात जाईल. मी काहीच लिहिलं नाही तर निदान…"

"निदान काय?"

मी रुमालाची गाठ सोडायला हात मागे नेला.

"बस त्या खुर्चीवर," ती म्हणाली. "रुमाल राहू दे तसाच. समोर बघ. कॅलेंडरकडे."

मी बसलो. ती मागे कुठेतरी गेली. तिच्या सपाता आधी वाजत होत्या, मग वाजेनाशा झाल्या. मी कॅलेंडरवरचे आकडे बघत होतो. खोलीत काहीही होत नव्हतं.

आणि माझ्या डाव्या गालावर काहीतरी आदळलं.

मी ओरडलो. खरोखर ओरडलो, लहान मूल ओरडतं तसा. खुर्चीतून उठताना टेबलाला धडकलो. छाती इतकी धडधडत होती की मला ओट्याचा आधार घ्यावा लागला. खाली लोकरीचा गुंडा घरंगळत होता. पिवळा, मऊ, वजन नसलेला.

"उघड्या डोळ्याची पापणी लवली नाही तुझी," अक्का म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी अगदी बाजूला उभी राहून टाकला. लवली नाही."

मी रुमाल सोडला. गालाला काहीही झालं नव्हतं. पण तो मऊ गुंडा कुठून आला हे मला कळलं नव्हतं, आणि त्या पोराच्या दिशेनं लोकर येणार नव्हती. तो रोज घरात, रस्त्यात, रिंगणात असाच उभा असणार. मनातून घाबरलेला, आणि बाहेर सगळे टाळ्या वाजवणारे. त्याला घाबरायची मुभा राहिली नव्हती. माझ्या शब्दानं ती काढून घेतली होती.

मी टेबलाशी बसलो आणि लिहायला घेतलं. पहिला मसुदा अक्कानं वाचला आणि परत ढकलला.

"'कदाचित', 'बहुधा', 'अल्पमतीला असे वाटते'. ती बाई शिलाईयंत्रावर बसून वाचणार आहे हे. दिसलं की नाही दिसलं?"

"दिसलं."

"मग ते लिही."

मी लिहिलं:

"मुली, मला दिसलं. डावीकडून येणारा ठोसा त्यांना दिसत नाही. सुरुवातीच्या मॅचमध्ये दिसत होता. मी डॉक्टर नाही, माझेही डोळे अधू आहेत. पण लढतीआधी त्यांचा डोळा अशा डॉक्टरला दाखव, ज्याच्याकडे तक्ता नसून यंत्र आहे. तू गप्प बसू नकोस. अनिमिष हा शब्द मी लिहिला होता आणि तो चुकला. हे पत्र त्यांना दाखव. त्यांना राग आला तर माझा पत्ता खाली आहे. मी घरीच असतो."

पत्ता लिहिताना पेन थांबलं. तो लिहिला नसता तरी चाललं असतं. तिला उत्तर मिळणं महत्त्वाचं होतं, मी कुठे राहतो हे नव्हे. अक्का माझ्याकडे बघत नव्हती, टाके मोजत होती. मी पत्ता लिहिला, घराच्या मजल्यासकट, आणि खाली पूर्ण सही केली. लेखाखाली मी नेहमी नुसती आद्याक्षरं घालतो.

टपालपेटी चौकात आहे, गादीवाल्याच्या दुकानासमोर. मी सकाळी लवकर गेलो. वाटलं होतं, दुकान बंद असेल. पण तो उघडून बसला होता, आणि दोन माणसं शिडीवर चढून लढतीचा फलक बांधत होती. त्यावर तो मुलगा होता, मुठी वर केलेल्या, डोळे टक्क उघडे, आणि वर मोठ्या अक्षरांत माझा शब्द.

"काका!" गादीवाल्यानं हाक मारली. मग त्याची नजर माझ्या हातातल्या पाकिटावर गेली, आणि तो उभा राहून बघत राहिला.

परत फिरावं, किल्ली विसरल्यासारखं करावं, असं पायांना फार वाटत होतं. मी पाकीट पेटीच्या फटीत सरकवलं. ते अर्ध्यावर अडकलं, कारण मी ते सोडलंच नव्हतं. बोटं सोडवायला मला दुसरा हात वापरावा लागला.

पत्र आत पडलं. मी पेटीवर तळहात टेकला आणि पाय हलायला लागेपर्यंत तसाच उभा राहिलो.