सिंथ बंद करू नये

वडील गेल्यापासून त्यांचा सिंथेसायझर चालूच होता. खिडकीखालच्या टेबलावर त्याचा छोटा हिरवा पडदा अखंड उजळलेला असायचा, आणि वर ठमीने चिकटवलेला कागद: ‘बंद करू नये.’ ठमी ही त्यांची लेक. कॉलेजात इतिहास शिकवायची, कानांवरचे केस पांढरे झाले होते, पण घरात ती ठमीच.

कारण असं, की इस्पितळात जायच्या सकाळी वडिलांनी सिंथमधल्या एका आवाजाची दुरुस्ती काढली होती. ती होते न होते तोच गाडी आली. पडद्याच्या कोपऱ्यात तेव्हापासून एक चांदणी लुकलुकत होती. म्हणजे बदल केलाय, पण जतन केलेला नाही. सिंथ बंद केला किंवा दुसरा आवाज निवडला, की हा गेला. कुठला आवाज, तेही कळत नव्हतं. नाव दिसायच्या जागी नुसता दुरुस्तीचा तक्ता होता. पट्टी दाबून ऐकायला हरकत नव्हती. ठमीला तेवढंच जमत नव्हतं. ते एकदा ऐकलं की वडिलांचं नवीन असं काही ऐकायचं राहणार नव्हतं.

आणि आज सकाळी वीज कंपनीचा माणूस सांगून गेला, की दुपारी तारांचं काम आहे, वीज जाईल.

“मग जतन कर ना,” काका म्हणाले. बातमी कळताच ते आणि आत्या, दोघंही चपला घालून तडक इथे आले होते. “एवढी शिकलेली तू.”

“जागा नाही, काका. नवीन ठेवायचं तर जुनं काहीतरी पुसावं लागेल.”

आत्याने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

वडील नाटकांना साथ करायचे आणि लागणारे आवाज स्वतः घडवायचे. सूर किती झटकन चढावा, किती खरखरावा, बोट उचलल्यावर किती रेंगाळावा, हे खुंट्या फिरवून ठरवायचे. तयार आवाजाला नाव मात्र नातेवाइकाचं. पहिलं नाव आत्याला मिळालं, तेव्हा काका रुसून जेवायचे थांबले. त्यांना मिळालं, तेव्हा मावशीने बोलणं टाकलं. असं करता करता साडू, विहीण, विहिणीची बहीण सगळे आत शिरले आणि जागा संपल्या. या घराण्यात सिंथवर नाव असणं म्हणजे चौकाला नाव मिळाल्यासारखं होतं. आपला आवाज ऐकला मात्र कुणीच नव्हता. त्यासाठी नाटकाला जावं लागायचं, आणि अभिमान बाळगण्यातच सगळ्यांचा वेळ जायचा. जायची ती फक्त ठमी. म्हणून आत्याचा आवाज स्मशानाच्या प्रवेशाला वाजतो आणि काकांचा, लाचखाऊ फौजदार विंगेतून येताना, हे तिला एकटीला माहीत होतं.

“साडूंचा पुसा,” आत्याने निकाल दिला. “ते कधी भेटायला तरी आले का?”

“साडूंना कळलं तर?” काका म्हणाले. “त्यापेक्षा तुझा पुसू. तू सगळ्यांत थोरली, समजूतदार.”

“माझा? अरे, तो म्हणाला होता, ताई, तुझ्या आवाजाला तोड नाही!”

“मलाही म्हणाला होता, तुझ्यावाचून नाटक पुढे सरकत नाही.”

“बंद करून परत चालू केलं तर?” आत्याने विचारलं. “आमचा टीव्ही त्यानेच सुधारतो.”

“नको!” ठमी इतक्या मोठ्याने ओरडली, की आत्याने हात मागे घेऊन पदराखाली ठेवला.

“माझा पुसते,” ठमी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे अतिशय कौतुकाने पाहिलं.

“बापावर गेलीय हो पोर,” काका म्हणाले, आणि कुणी नको म्हणायच्या आत घाईने घड्याळाकडे बघू लागले.

ठमीचा आवाज कुठल्याच नाटकात वाजला नव्हता. “तुला साजेसा प्रवेश आला की वाजवीन,” असं वडील म्हणायचे. तो न ऐकताच पुसायचा, हे जड होतं. पण मनात तिने एक गोष्ट धरून ठेवली होती: शेवटच्या सकाळी ज्यावर हात फिरला, तो आपलाच असणार.

तिने जतनाचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला. सिंथ जागा मागत नव्हता, स्वतःच सुचवत होता. दुरुस्तीला ज्या नावापासून सुरुवात झाली, तेच नाव त्याने पुढे केलं होतं.

“काय म्हणतोय?” काकांनी विचारलं.

“आत्या,” ठमी म्हणाली. मग नाव पुन्हा वाचून, “आत्याचाच आवाज आहे. तोच सुधारत होते. कुणालाच पुसायला नको.”

“बघ!” आत्या काकांवर कडाडली. “शेवटच्या घटकेला बहीण आठवली!” आणि लगेच डोळ्यांना पदर लावला.

ठमीने ‘हो’ दाबलं. चांदणी विझली. तिचा न ऐकलेला आवाज जागेवर होता, आता हा न ऐकायला कारणच उरलं नव्हतं. तिने एक पट्टी दाबली.

तोच स्मशानातला सूर. पहिल्याच फटक्याला चढणारा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. ठमीने बोट उचललं. सूर थांबला नाही. पूर्वी तो चटकन तुटायचा. आता खोलीभर फिरला, खिडकीच्या काचेला लागला आणि चालूच राहिला. तिने खुंट्यांकडे पाहिलं. बोट उचलल्यावर सूर किती रेंगाळावा, ती खुंटी वडिलांनी टोकापर्यंत फिरवली होती. एकदा सुरू झाली की ताई थांबत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. जाता जाता तेवढं बरोबर करून गेले होते.

ठमीला हसू फुटलं आणि ते तिला आवरेना. काकांनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला.

“बंद कर गं ते,” ते म्हणाले.

“राहू दे,” आत्या म्हणाली. ती मान कलती करून स्वतःलाच ऐकत होती. सूर पातळ झाला, तरी होता.

“अजून आहे बघ,” ती हळूच म्हणाली. “ठमे, नाटकात हा कुठे वाजायचा गं?”

ठमीने डोळे पुसले. “अगदी मोक्याच्या प्रवेशाला, आत्या. सगळं थिएटर चिडीचूप व्हायचं.”